सलाफहादाच्या पाच कन्यांचा अर्ज

शास्त्रपाठ : गणना 27:1-11, यहोशवा 17:3-4



गणना हे पुस्तक आपल्या मंडळ्यांतून फारसे वाचले जात नाही. त्यात वंशांच्या याद्या आहेत, माणसांची मोजदाद आहे, मुक्कामांची नावे आहेत. आणि वाचणारा लवकरच कंटाळून पाने उलटतो. तथापि त्या याद्यांच्या मधोमध पाच बहिणी उभ्या आहेत. महला, नोआ, होग्ला, मिल्का व तिरसा ही त्यांची नावे. बाप रानात मेला, भाऊ नाही, आणि देशाची वाटणी तर पुरुषांच्या नावे व्हावयाची. तेव्हा बापाबरोबर त्याचे नाव व त्याचे वतन ही दोन्ही बुडणार हे उघड होते. वतन म्हणजे काय, हे आपल्या खेड्यांतील मनुष्यास समजावून सांगावे लागत नाही. ज्याचे नाव कागदावर नाही त्याचा पाय जमिनीवर ठरत नाही, हे आपल्या वाडवडिलांनी पिढ्यान्‌पिढ्या भोगले आहे.

या बहिणींनी काय केले? त्या तंबूत रडत बसल्या नाहीत आणि छावणीत कुजबुज करीत फिरल्या नाहीत. त्या दर्शनमंडपाच्या दाराशी गेल्या आणि मोशे, एलाजार याजक, सरदार व सर्व मंडळी यांच्यासमोर उभ्या राहून त्यांनी आपले म्हणणे मांडले. मोशेने तो वाद परमेश्वरापुढे नेला, आणि परमेश्वराने त्या मुलींच्या बाजूने निवाडा दिला. इतकेच नव्हे, तर त्यांच्या एका अर्जावरून साऱ्या इस्राएलासाठी वारसाचा कायदा झाला.

आज या पाठावरून आपण एका प्रश्नाचा विचार करू. कायदे करणारे व कायदे चालविणारे यांच्यापुढे जाऊन दीनदुबळ्यांसाठी न्याय मागणे, हे ख्रिस्ती मंडळीचे काम आहे काय? आणि असल्यास ते तिने कोणत्या रीतीने करावे? या कामाचा अनुभव जगातील लूथरन मंडळ्यांनी पुष्कळ घेतला आहे. त्यांच्या इतिहासात गौरवाची पाने आहेत, तशीच लाजेचीही आहेत. आपण कोणत्याही पंथाचे असलो तरी दोहोंपासून आपणांस शिकता येईल.

पुष्कळ सालस भाविक असे म्हणतात की, राज्यकारभार हा राज्यकर्त्यांचा प्रांत, आणि प्रार्थना हा आपला. एकाने दुसऱ्यात हात घालू नये. लूथर यांच्या शिकवणीचाच काही जण यासाठी आधार घेतात. देव जगावर दोन हातांनी राज्य करितो, एका हाती सुवार्ता व दुसऱ्या हाती कायदा, असे लूथर यांनी शिकविले, हे खरे. परंतु दोन्ही हात एकाच देवाचे आहेत, हे विसरून कसे चालेल? खुद्द लूथर हे विसरले नव्हते. 1523 साली लाइस्निग नावाच्या लहानशा गावाने गोरगरिबांसाठी सामाईक पेटी स्थापण्याचा ठराव केला, तेव्हा त्यांनी त्या ठरावास प्रस्तावना लिहून दिली. त्या पेटीस चार निरनिराळ्या किल्ल्या होत्या, आणि तिची व्यवस्था दहा जणांकडे होती. त्यांत सरदार व नगरसभेचे सभासद होते, तसेच साधे नागरिक व शेतकरीही होते. पुढच्याच वर्षी, म्हणजे 1524 साली, लूथर यांनी जर्मनीतील सर्व नगरसभांस उघड पत्र लिहिले की, शाळा काढा, आणि मुलांप्रमाणे मुलींसही शिकवा. हा सरकारदरबारी केलेला अर्जच होय. 1529 सालच्या आपल्या प्रश्नोत्तरावलीत रोजच्या भाकरीच्या विनंतीचा अर्थ सांगताना त्यांनी चांगले सरकार व शांतता हीदेखील त्या भाकरीतच मोजली. थोरल्या प्रश्नोत्तरावलीत तर ते म्हणतात की, नेक राजाच्या निशाणावर सिंहाऐवजी भाकरीचे चित्र शोभेल. मग जी मंडळी प्रत्येक रविवारी रोजची भाकर मागते, ती भाकरीच्या वाटणीविषयी मुकी कशी राहील?

परंतु लाजेचे पानही वाचले पाहिजे. 1525 साली जर्मन शेतकऱ्यांनी आपल्या बारा मागण्या मांडल्या. लूथर यांनी प्रथम सरदारांस त्यांच्या जुलमाबद्दल दोष दिला. पण दंगा पेटल्यावर शेतकऱ्यांविरुद्ध जे लिहिले, ते इतके कठोर होते की, त्याचे समर्थन आज त्यांचे अनुयायीही करीत नाहीत. चारशे वर्षांनी हिटलरचे राज्य आले, तेव्हा त्याच देशातील पुष्कळ पाळक व मंडळ्या गप्प राहिल्या, आणि काही तर त्याच्या जयघोषात सामील झाल्या. डिट्रिख बोनहोफर या तरुण लूथरन पाळकाने 1933 सालीच लिहून ठेविले होते की, मंडळीने सरकारला त्याच्या कृत्यांचा जाब विचारावा, सरकारच्या हातून जे चिरडले जातात त्यांना साहाय्य करावे, आणि वेळ आल्यास चिरडणारे चाकच थांबवावे. फार थोड्यांनी ऐकले. बोनहोफर यांस 9 एप्रिल 1945 रोजी फाशी देण्यात आले. त्याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात श्टुटगार्ट येथे जर्मन प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या पुढाऱ्यांनी आपण अधिक धैर्याने साक्ष दिली नाही, असा पापांगीकार केला. तो खराच होता, पण मेलेल्यांच्या कानी तो पोहोचला नाही. योग्य वेळी न बोललेला शब्द पुढे पश्चात्तापाच्या प्रार्थनेत बोलावा लागतो, हे आपण ध्यानात ठेवू.

तर मग मंडळीने बोलावे कसे? सलाफहादाच्या कन्या आपणांस चार गोष्टी शिकवितात.

पहिली गोष्ट ही की, त्या उघडपणे व एकजुटीने उभ्या राहिल्या. पाचही बहिणींची नावे शास्त्रात लिहिली आहेत. एकीने दुसरीस पुढे करून स्वतः मागे लपण्याचा प्रयत्न केला नाही. नॉर्वे देशातील लूथरन मंडळीने 1942 साली असेच केले. परकी सत्तेच्या जोरावर चाललेले सरकार तेथील मुलांना आपल्या साच्यात ओतू पाहत होते. तेव्हा 24 फेब्रुवारी रोजी सर्व बिशपांनी आपल्या सरकारी हुद्द्यांचे राजीनामे दिले, आणि 5 एप्रिल रोजी, पुनरुत्थानाच्या सणाच्या दिवशी, देशभर उपासनामंदिरांतून एक घोषणा वाचली जाऊन बहुतेक पाळकांनीही तेच केले. त्यांनी सरकारी पगार सोडला, परंतु कळप सोडला नाही. त्याच वर्षी नोव्हेंबर महिन्यात यहूद्यांच्या छळाविरुद्ध त्यांनी सरकारास निषेधाचे पत्र लिहिले. इतके करूनही 26 नोव्हेंबर रोजी ऑस्लो बंदरातून पाचशेहून अधिक यहूद्यांना घेऊन मृत्यूच्या छावणीकडे जाणारे जहाज निघालेच. साक्ष दिली म्हणजे दर वेळी यश येतेच असे नाही. परंतु आपले शेजारी कोणाच्या ताब्यात चालले आहेत हे आम्हांस ठाऊक नव्हते, असे म्हणण्याची सोय त्या मंडळीने स्वतःस ठेविली नाही.

दुसरी गोष्ट ही की, त्यांनी खरे तेवढेच सांगितले. आपला बाप कोरहाच्या बंडात नव्हता, हे त्यांनी सांगितले. पण तो निष्पाप होता असेही त्या म्हणाल्या नाहीत. बापाला साधू बनविल्याने अर्ज बळकट होतो, असे त्यांस वाटले नाही. आपण मात्र अर्ज लिहिताना दहा घरांचे शंभर करितो आणि एका दिवसाच्या उपवासाचा महिना करितो. अधिकारी चौकशीस आला की, एक खोटा आकडा नव्याण्णव खऱ्या अश्रूंवर पाणी फिरवितो. ज्या मंडळीचा प्रभू स्वतःस सत्य म्हणवितो, तिच्या कागदावर फुगविलेली संख्या शोभत नाही.

तिसरी गोष्ट ही की, त्यांनी एकच स्पष्ट मागणी केली: आमच्या बापाच्या भाऊबंदांत आम्हांस वतन द्या. अमेरिकेतील एका लूथरन पाळकाचे उदाहरण येथे सांगण्याजोगे आहे. आर्थर सायमन हे न्यूयॉर्क शहराच्या एका गरीब वस्तीत सेवा करीत असत. भुकेल्यास दारी आल्यावर अन्न द्यावे, हे ते जाणत होते. परंतु मनुष्य भुकेला का राहतो याची काही कारणे कायद्यांत व सरकारी अंदाजपत्रकांत असतात, आणि ती कारणे शिध्याच्या पिशवीने दूर होत नाहीत, हेही त्यांनी पाहिले. म्हणून 1974 साली त्यांनी इतर प्रॉटेस्टंट व रोमन कॅथलिक बांधवांसह जगासाठी भाकर या अर्थाच्या नावाची एक संस्था उभारली. तिच्या प्रेरणेने मंडळ्यांत एक साधी रीत पडली. नेमलेल्या रविवारी मंडळीतील माणसे आपापल्या लोकप्रतिनिधीस स्वतःच्या हाताने पत्र लिहितात. त्यात उपाशी लोकांसाठी एकच निश्चित मागणी असते. मग ती पत्रे दानाबरोबर देवापुढे अर्पण केली जातात, त्यांवर प्रार्थना होते, आणि नंतर ती टपालात पडतात. 1976 साली अन्नाचा हक्क मान्य करणारा ठराव त्या देशाच्या कायदेमंडळाने केला, त्यापाठीमागे अशा असंख्य पत्रांचे बळ होते. बंधूंनो, अर्पणाच्या ताटात रुपयाशेजारी पत्र पडलेले पाहून काही जणांस नवल वाटेल. परंतु रुपया हा जसा आपल्या श्रमाचा अंश आहे, तसा नागरिकाचा शब्दही देवाने सोपविलेला ठेवा आहे. तो जमिनीत पुरून ठेवणाऱ्या चाकरास धनी काय म्हणाला, ते आपण जाणतो.

चौथी गोष्ट बहुतेक वाचकांच्या दृष्टीस पडत नाही. कायदा झाल्यावरही त्या बहिणी स्वस्थ बसल्या नाहीत. मोशे मेला, यार्देन ओलांडली, देशाची वाटणी सुरू झाली. आणि यहोशवाच्या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात त्या पाचही जणी पुन्हा एलाजार व यहोशवा यांच्यापुढे येऊन पूर्वीच्या आज्ञेची आठवण देतात. तेव्हा कोठे वतन त्यांच्या हाती पडले. कागदावरचा निवाडा शेतापर्यंत चालत येण्यास फार वेळ लागतो, आणि कोणीतरी त्याच्याबरोबर चालावे लागते.

आपल्याच देशातील छोटा नागपुरात याचे उदाहरण आहे. 1845 साली गोस्नर मिशनचे चार जर्मन मिशनरी रांची येथे आले, आणि 1850 साली तेथे पहिल्या चार उराव जनांचा बाप्तिस्मा झाला. पुढे मुंडा व उराव लोक हजारोंनी लूथरन मंडळीत आले. त्यांचे मोठे दुःख जमिनीचे होते. पूर्वजांनी जंगल तोडून केलेली शेते जमीनदार व ठेकेदार बळकावीत होते. त्यांच्यातील सरदार म्हणविणारे पुढारी अनेक दशके सरकारकडे अर्जांवर अर्ज करीत राहिले, आणि त्यांत ख्रिस्ती पुष्कळ होते. 1869 साली भुईंहरी जमिनींची नोंद करण्याचा कायदा झाला, पण तो पुरा पडला नाही. पुढे सरदारांच्या मागण्या मिशनऱ्यांस अतिरेकी वाटू लागल्या, आणि मंडळीने हात आखडता घेतला. त्याच काळात चाईबासा येथील जर्मन मिशनच्या शाळेत बिरसा नावाचा एक मुंडा मुलगा शिकत होता. तो मिशन सोडून गेला. 1899 व 1900 साली त्याने उठाव केला, आणि 9 जून 1900 रोजी तो रांचीच्या तुरुंगात मरण पावला. अन्यायाविषयी आपली मंडळी आपल्या बाजूने बोलत नाही, असे ज्या तरुणास दिसते, तो मंडळीत किती दिवस राहील? हा प्रश्न रांचीपुरता समजू नये.

1908 साली छोटा नागपूर कुळकायदा झाला. आदिवासींची जमीन सहजासहजी परक्याच्या हाती जाऊ नये, अशी तरतूद त्यात आली. त्या कामी हॉफमन या रोमन कॅथलिक पाळकाने मोठे साहाय्य केले, हे लूथरन बांधवांनीही कृतज्ञतेने मान्य करावे असेच आहे. परंतु कायदा झाला म्हणून पहारा संपला नाही. 2016 साली झारखंडाच्या विधानसभेने त्या कायद्यात फेरफार मंजूर केले, तेव्हा आदिवासी लोक पुन्हा उभे राहिले, आणि त्यांत ख्रिस्ती मंडळ्याही होत्या. 2017 साली राज्यपालांनी ते विधेयक परत पाठविले, आणि सरकारने ते मागे घेतले. 1908 पासून 2017 पर्यंत शंभराहून अधिक वर्षे झाली. सलाफहादाच्या कन्या अशाच यहोशवापुढे पुन्हा आल्या होत्या.

आता आपल्या खेड्यांकडे वळू. आपल्या मंडळ्या लहान आहेत. कित्येक गावी आपली दहाच घरे आहेत, आणि बोललो तर डोळ्यांवर येऊ, ही भीती खोटी नाही. तिला मी हसणार नाही. परंतु पाच बहिणी लाखोंच्या छावणीत उभ्या होत्या, हेही विसरू नये.

समजा, गावातील काही घरांस स्वस्त धान्य दुकानातून पुरे धान्य मिळत नाही. 2013 सालच्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक माणसास दरमहा 5 किलो धान्याचा हक्क दिला आहे. मंडळीने काय करावे? उपासनेनंतर ज्यांना उणे पडते त्यांना बसवून त्यांचे ऐकावे, आणि त्यांत ख्रिस्ती नसलेल्या शेजाऱ्यांसही बोलवावे. प्रत्येकाची शिधापत्रिका पाहून खरी नोंद करावी. एकच मागणी लिहून त्यावर सह्या व अंगठे घ्यावेत. ग्रामसभेत तो विषय उघडपणे मांडावा, आणि तहसील कार्यालयात अर्ज देऊन त्याची पोच घ्यावी. माहिती दडविली जात असेल, तर 2005 सालच्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याने ती मागता येते, आणि साधारणपणे 30 दिवसांच्या आत ती द्यावी लागते. मग पुढल्या महिन्यात पुन्हा जावे, आणि त्याच्या पुढल्या महिन्यातही. लूकाच्या अठराव्या अध्यायातील विधवा न्यायाधीशाकडे एकदाच गेली नव्हती.

येथे एक परीक्षा आहे. आपण केवळ आपल्याच लोकांसाठी मागत असलो, तर आपण आणखी एक जात होऊ, मंडळी राहणार नाही. स्वतःसाठी न्याय मागणे पाप नव्हे. सलाफहादाच्या कन्यांनी तोच मागितला. 1950 सालच्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेविल्या, त्या 1956 साली शिखांना व 1990 साली बौद्धांना मिळाल्या. ख्रिस्ती झालेल्या दलितांनाही त्या मिळाव्यात, म्हणून लूथरन व इतर मंडळ्यांनी वर्षानुवर्षे अर्ज केले आहेत, आणि त्यात काही वावगे नाही. परंतु आपल्या अर्जाशेजारीच पारधी वस्तीच्या पाण्याचा, ऊसतोड मजुरांच्या मुलांच्या शाळेचा, परधर्मी विधवेच्या निवृत्तिवेतनाचा अर्ज आपल्या हातचा असला पाहिजे. त्या पाच बहिणींच्या अर्जावरून झालेला कायदा त्यांच्याच घरापुरता राहिला नाही.

दुसरा धोका याहून गोड आहे. निवडणुकीच्या दिवसांत कोणी पुढारी येऊन मंदिराच्या छपरास पत्रे देऊ करितो, आणि त्या बदल्यात मंडळीची मते एकगठ्ठा मागतो. ज्या दिवशी आपण ते पत्रे घेतले, त्या दिवशी आपले तोंड बंद झाले. मंडळीने न्यायाची मागणी करावी, पक्षाची चाकरी करू नये. कोणास मत द्यावे हे पाळकाने व्यासपीठावरून सांगू नये. परंतु उपाशी मनुष्यास देव काय म्हणतो, हे सांगण्यास त्याने भिऊ नये. मंडळीत मतभेद होतील. गणनेच्या छत्तिसाव्या अध्यायात त्या बहिणींच्या निवाड्यावरही भाऊबंदांनी हरकत आणली. तिचा विचार झाला, तडजोड झाली, पण मूळ हक्क मात्र कोणी काढून घेतला नाही. आपणही विरुद्ध मताच्या भावाचे ऐकून घ्यावे, आणि तरीही दुर्बळाचा हक्क सोडू नये.

शेवटी, हे सर्व कशाच्या बळावर? आपणही कोणे काळी देवाच्या घरी वतन नसलेले होतो. आपल्यासाठी बोलण्यास आपणांजवळ तोंड नव्हते. तेव्हा येशू ख्रिस्त आपला कैवारी होऊन पित्यापुढे उभा राहिला, आणि आपले नाव त्याने स्वतःच्या रक्ताने वारसांच्या यादीत लिहविले. आजही तो आपल्यासाठी मध्यस्थी करीत आहे. ज्याची बाजू अशा रीतीने मांडली गेली, त्याने शेजाऱ्याची बाजू मांडण्यास तहसीलाच्या पायऱ्या चढू नयेत काय? येत्या रविवारी प्रार्थनेस बसाल, तेव्हा आपल्या गावात कोणाचे नाव यादीतून राहून गेले आहे, याचा विचार करा. त्याचे नाव घेऊन प्रार्थना करा. आणि प्रार्थना संपल्यावर कागद काढा.

हे न्यायी व दयाळू पित्या, मुक्यांसाठी बोलण्यास आमचे ओठ उघड. आमच्या लेखणीस सत्य दे, आमच्या पायांस धीर दे, आणि अधिकाऱ्यांच्या अंतःकरणात तुझे भय घाल. आमच्या गप्प राहण्याची आम्हांस क्षमा कर. येशू ख्रिस्त आमचा कैवारी याच्या नावाने मागतो. आमेन.